बोर्डावरचा कॅमेरा : पहिल्या स्वच्छ फ्रेमपासून अखंड चित्रीकरणापर्यंत

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डाला कॅमेरा जोडला, ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीच्या चार ओळी लिहिल्या आणि खिडकीत काळं चित्र आलं, की माणूस त्या चार ओळीच पुन्हा पुन्हा बदलत बसतो. बिघाड बहुधा त्यांच्या खाली कुठेतरी असतो: केबलमध्ये, वीजपुरवठ्यात, ड्रायव्हरमध्ये, नाहीतर कॅमेऱ्याकडे नसलेलाच फॉरमॅट आपण मागितलेला असतो. माझे यात बरेच दिवस गेले आहेत, आणि त्यातून एकच सवय अंगी बाणली. तारेपासून सुरुवात करून फाइलपर्यंत खालून वर जायचं आणि एक पायरी चालते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढची चढायची नाही.

लेखात लिनक्स चालवणारे बोर्ड गृहीत धरले आहेत. कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. पिक्सेल फॉरमॅटचे चार अक्षरी कोड तेवढे मोठ्या अक्षरांत.

यूएसबी की सीएसआय

बोर्डापर्यंत चित्र येण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत, नेहमीची यूएसबी आणि बोर्डावरची कॅमेऱ्यासाठीची खास जोडणी सीएसआय, आणि त्यांच्यातला फरक फक्त सॉकेटचा नाही.

यूएसबी वेबकॅममध्ये सेन्सरच्या मागे एक छोटा प्रोसेसर असतो. रंग जुळवणं, प्रकाशमान (एक्स्पोजर) ठरवणं, पांढऱ्याचा तोल साधणं ही कामं तोच करतो आणि बोर्डाला तयार चित्र देतो. बहुतेक वेबकॅम यूव्हीसी या सामायिक नियमावलीने बोलतात. तिचा ड्रायव्हर २००८ सालच्या २.६.२६ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही.

सीएसआय कॅमेरा म्हणजे चपट्या केबलवर लटकणारा नुसता सेन्सर. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकाच रंगाचा फिल्टर असतो, त्यात निम्मे पिक्सेल हिरवे. ही बायर मांडणी. त्यातून पूर्ण रंगीत चित्र घडवण्याचं काम बोर्डावरच्या आयएसपी या चित्र-प्रक्रिया विभागाचं. म्हणून सेन्सरचा ड्रायव्हर, डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणाऱ्या यादीतली) नोंद आणि त्या सेन्सरसाठी जुळवलेली ट्यूनिंग फाइल, हे तिन्ही जागेवर लागतं. एका बोर्डावर सुरळीत चालणारं मॉड्यूल दुसऱ्यावर निमूट बसतं ते यामुळेच.

माझं स्पष्ट मत आहे की पहिला प्रयोग यूएसबी कॅमेऱ्यावर करावा. बाकीची साखळी चालते याची खात्री झाली, की सीएसआयकडे वळावं.

बोर्डाला कॅमेरा दिसतोय का?

कॅमेरा लावा आणि जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी एलएसयूएसबी ही कमांड चालवा. यादीत कॅमेऱ्याचं नाव नसेल तर सॉफ्टवेअरकडे पाहूच नका. केबल बदला, पोर्ट बदला. यूएसबी २.० पोर्टवर एका उपकरणासाठी ५०० मिलिअँपिअर धरलेले असतात. कमकुवत अडॅप्टरवर बोर्ड चालू राहतो, पण कॅमेरा चित्र पाठवायला लागला की व्होल्टेज खचतं आणि कॅमेरा गळून पडतो. डीमेसग या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत जोडणी तुटल्याच्या आणि पुन्हा जुळल्याच्या ओळी आलटून पालटून दिसत असतील तर आधी वीजपुरवठ्यावर संशय घ्या. स्वतःचा पुरवठा असलेला यूएसबी हब लावून पाहिला की शंका मिटते.

यादीत नाव आलं की व्ही४एल-युटिल्स हे पॅकेज बसवा. त्यातलं व्ही४एल२-सीटीएल हे साधन या लेखात पदोपदी लागेल. लिनक्समधल्या व्हिडिओच्या सामायिक व्यवस्थेला व्ही४एल२ म्हणतात आणि तिच्याशी टर्मिनलवरून बोलायला हे साधन आहे. त्याला लिस्ट-डिव्हायसेस हा पर्याय (आधी दोन आडव्या रेघा लावून) दिला, की प्रत्येक कॅमेरा आणि त्याच्या नावावरचे डेव्ह फोल्डरमधले नोड, म्हणजे उपकरण उघडायच्या फाइली, दिसतात: व्हिडिओ०, व्हिडिओ१ वगैरे.

एकाच कॅमेऱ्याचे दोन नोड दिसले तर गोंधळू नका. कर्नल ४.१६ पासून यूव्हीसी ड्रायव्हर चित्रासाठी एक आणि फ्रेमच्या पूरक माहितीसाठी दुसरा नोड तयार करतो. दुसऱ्यातून चित्र कधीच येत नाही. ‘कॅमेरा सापडला पण फ्रेम मिळत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा चुकून उघडलेला हा दुसरा नोड असतो.

नोड उघडताना परवानगी नाकारली गेली तर आपला वापरकर्ता व्हिडिओ या गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा. दर वेळी सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून वेळ मारून नेऊ नका, कारण पुढे हाच प्रोग्राम सेवा म्हणून चालवताना ते अंगाशी येतं. शिवाय नोडचा क्रमांक कायमचा नसतो. बोर्ड रीस्टार्ट झाल्यावर व्हिडिओ० आणि व्हिडिओ२ यांची अदलाबदल होऊ शकते. डेव्ह फोल्डरमध्ये व्ही४एल, त्याच्या आत बाय-आयडी या फोल्डरात कॅमेऱ्याच्या ओळखीवरून ठरलेली नावं मिळतात. प्रोग्राममध्ये तीच वापरा. दोन कॅमेरे अगदी सारखे असून त्यांना स्वतंत्र अनुक्रमांक नसतील, तर शेजारच्या बाय-पाथ फोल्डरातली, पोर्टवरून ठरणारी नावं घ्या.

फॉरमॅट आणि बँडविड्थ

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. व्ही४एल२-सीटीएलला डिव्हाइसचं नाव आणि लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट हा पर्याय द्या. कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये, किती आकाराची, सेकंदाला किती चित्रं देऊ शकतो याची पूर्ण यादी येते. ती एका फाइलमध्ये जपून ठेवा. यादीत नसलेलं काही मागितलं तर मिळणार नाही, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा त्रुटीही येणार नाही. व्ही४एल२च्या रीतीनुसार ड्रायव्हर जवळात जवळचा आकार निवडतो आणि मुकाट्याने तो लागू करतो. म्हणून आकार मागितल्यावर गेट-एफएमटी-व्हिडिओ वापरून प्रत्यक्षात काय ठरलं ते वाचायचंच.

यादीत सहसा दोन फॉरमॅट असतात. वाययूवायव्ही हा न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला), प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागणारा. एमजेपीजी म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र जेपेग. आता साधा गुणाकार करू. ६४०×४८० ची वाययूवायव्ही फ्रेम ६,१४,४०० बाइटची होते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे १,८४,३२,००० बाइट, सुमारे १८.४ मेगाबाइट. १२८०×७२० ची एक फ्रेम १८,४३,२०० बाइटची. ३० फ्रेमना सेकंदाला ५५ मेगाबाइटच्या वर लागतात.

यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. मग ५५ बसायला हवेत असं वाटतं. पण बहुतेक वेबकॅम चित्र पाठवायला आयसोक्रोनस पद्धत वापरतात. तिच्यात दर १२५ मायक्रोसेकंदाला एका वाहिनीवरून जास्तीत जास्त ३,०७२ बाइट जातात. सेकंदात असे ८,००० हप्ते, म्हणजे कमाल २४.५ मेगाबाइटच्या आसपास. म्हणून ६४०×४८० ला ३० फ्रेम मिळतात, तर ७२० ओळींच्या चित्राला बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यादीत वाययूवायव्हीपुढे १० फ्रेम लिहिलेल्या दिसतात. १० फ्रेमनी गुणून पाहा: बरोबर तेच १८.४ मेगाबाइट. ‘कॅमेरा हळू आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा रस्ताच भरलेला असतो.

उपाय एमजेपीजीचा. दाबलेली फ्रेम लहान असते, त्यामुळे त्याच तारेतून ३० फ्रेम आरामात जातात. त्या बदल्यात ती उलगडायला बोर्डाच्या प्रोसेसरला राबावं लागतं आणि बारीक तपशील थोडा पुसट होतो. रंगांची अचूक मोजदाद करायची असेल तर वाययूवायव्ही घ्या आणि फ्रेम कमी करा. हालचाल टिपायची असेल तर एमजेपीजी.

याच हिशेबातून एका फसव्या त्रुटीचा उलगडा होतो. एकाच बोर्डाला दोन कॅमेरे लावले, पहिला चालला आणि दुसरा सुरू करताच ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, की लोक मेमरी कार्ड साफ करायला धावतात. ही जागा कार्डावरची नव्हे, यूएसबी बसवरची. दोन्ही कॅमेरे एकाच कंट्रोलरवर आहेत का ते एलएसयूएसबीला टी पर्याय देऊन पाहा. पोर्टची झाडासारखी रचना दिसते. बोर्डावर चार पोर्ट असले तरी ते आतून एकाच हबचे असू शकतात. तसं असेल तर आकार कमी करा, फ्रेम कमी करा किंवा एक कॅमेरा दुसऱ्या कंट्रोलरवर हलवा.

एक फ्रेम, कोडशिवाय

आता पहिलं चित्र. व्ही४एल२-सीटीएलला सेट-एफएमटी-व्हिडिओ हा पर्याय द्या. त्याच्या किमतीत विड्थ, हाइट आणि पिक्सेलफॉरमॅट या तीन गोष्टी स्वल्पविरामाने जोडून, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहायच्या. त्याच कमांडमध्ये स्ट्रीम-एमएमॅप, स्ट्रीम-स्किप ३०, स्ट्रीम-काउंट १ आणि स्ट्रीम-टू फाइलचं नाव. या पर्यायांच्या आधी दोन आडव्या रेघा आणि किमतीआधी बरोबरचं चिन्ह.

सुरुवातीच्या ३० फ्रेम टाकून द्यायचं कारण असं, की कॅमेरा जागा झाल्यावर प्रकाश आणि रंग जुळवायला त्याला काही फ्रेम लागतात. पहिलीच फ्रेम जपून ठेवणाऱ्यांना काळपट किंवा हिरवट चित्र मिळतं आणि ते कॅमेऱ्याला दोष देतात.

एमजेपीजी मागितलं असेल तर मिळालेली फाइल थेट जेपेग म्हणून उघडते. क्वचित उघडत नाही, कारण काही कॅमेरे प्रत्येक फ्रेममध्ये हफमन तक्ते (जेपेग उलगडायला लागणारे) पाठवणं टाळतात. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या साधनात एमजेपेग२जेपेग नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे, तो ते तक्ते भरून देतो. वाययूवायव्हीची फाइल मात्र निव्वळ बाइट असते. ती पाहायला त्याच्या जोडीच्या एफएफप्ले या साधनाला आकार आणि पिक्सेल फॉरमॅट स्वतः सांगावे लागतात. चित्र तिरपं, पट्ट्यापट्ट्यांचं दिसलं तर आकार चुकलाय. आकृती बरोबर पण रंग भलतेच असतील तर फॉरमॅट चुकलाय.

आता त्याच कमांडमध्ये स्ट्रीम-काउंट ३०० करून स्ट्रीम-टू आणि फाइलचं नाव काढून टाका. टर्मिनलवर फ्रेमागणिक एक खूण उमटते आणि सेकंदाला किती फ्रेम आल्या तो आकडा दिसतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे प्रोग्राममध्ये वेग कमी वाटला, की दोष प्रोग्रामचा की कॅमेऱ्याचा हे याच आकड्यावरून ठरेल.

प्रकाशमान स्वतःच्या हातात घ्या

भरपूर उजेडात ३० फ्रेम देणारा कॅमेरा संध्याकाळी १५ वर येतो. तो बिघडलेला नसतो. अंधारात जास्त वेळ प्रकाश गोळा करण्यासाठी त्याने आपणहून फ्रेम कमी केलेल्या असतात. व्ही४एल२-सीटीएलच्या लिस्ट-सीटीआरएलएस-मेन्यूज या पर्यायाने सगळी बटणं, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज, दिसतात. त्यात एक्स्पोजर-डायनॅमिक-फ्रेमरेट शून्य केलं की वेग स्थिर राहतो, चित्र थोडं गडद होतं. जुन्या कर्नलवर हेच बटण एक्स्पोजर-ऑटो-प्रायॉरिटी या नावाने भेटतं. नावं बदललेली असल्याने दुसऱ्याची स्क्रिप्ट जशीच्या तशी उतरवू नका, आपल्या बोर्डावरची यादी पाहा.

दिव्याखाली चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात त्याचं कारण वीज. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा लुकलुकतात. सेन्सर ओळीमागून ओळ टिपतो, त्यामुळे काही ओळींना उजेड जास्त, काहींना कमी मिळतो. पॉवर-लाइन-फ्रीक्वेन्सी हे बटण तुमच्या देशातल्या विजेप्रमाणे लावा: ५० साठी १, ६० साठी २. प्रकाशमान हाताने ठेवायचं असेल तर ऑटो-एक्स्पोजर १ वर न्या आणि एक्स्पोजर-टाइम-ॲब्सोल्यूटची किंमत द्या. तिचं एकक १०० मायक्रोसेकंद, म्हणजे १०० लिहिलं की १० मिलिसेकंद. ५० हर्ट्झवर १००, २०० अशा पटीत राहिलात की पट्ट्या जातात.

कॅमेरा काढून लावला की या किमती बहुधा मूळ जागी जातात. त्या स्क्रिप्टमध्ये ठेवून दर वेळी चालवा.

व्हिडिओ कोणत्या डब्यात भरायचा

एफएफएमपेगला इनपुटचा प्रकार व्ही४एल२, इनपुट-फॉरमॅट एमजेपेग (एमजेपीजीचंच इथलं नाव), आकार आणि फ्रेमचा वेग द्या आणि कोडेकच्या जागी कॉपी लिहा. फ्रेम आल्या तशाच फाइलमध्ये जातात, प्रोसेसरवर ताण जवळजवळ पडत नाही. फाइल मोठी होते, पण मूळ दर्जा टिकतो. थोड्या वेळाच्या चित्रीकरणासाठी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

दीर्घ चित्रीकरणाला एच.२६४ हे व्हिडिओ दाबण्याचं तंत्र लागतं. सेकंदाला ४ मेगाबिटचा दर ठेवला तर तासाला १.८ गिगाबाइट, दिवसाला ४३.२ गिगाबाइट. कार्ड घेण्याआधी हा हिशेब करा. आपल्या बोर्डावर एच.२६४ चा एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) हार्डवेअरमध्ये आहे का हेही पाहा. रास्पबेरी पाय ४ वर तो आहे. पाय ५ वर एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर नाही, तिथे ते काम प्रोसेसर करतो. नवा आणि वेगवान बोर्ड म्हणजे सगळंच जास्त, असं गृहीत धरून पुढे फसणारे पुष्कळ आहेत.

फाइलचा डबा, म्हणजे एमपी४ की एमकेव्ही हा प्रकार, निवडताना वीज जाण्याचा विचार करा. एमपी४ ची सूची साधारणपणे चित्रीकरण संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर तासाभराची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी तिथपर्यंतचं चित्र दिसतं. म्हणून बोर्डावर एमकेव्ही आणि तीही पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. एफएफएमपेगचा सेगमेंट पर्याय त्यासाठीच आहे. जीस्ट्रीमर हे दुसरं व्हिडिओ-साधन वापरून एमपी४ बनवत असाल तर जीएसटी-लाँचला ई पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर कंट्रोल-सीने थांबवताच फाइल सूचीविना राहते.

सीएसआय मॉड्यूल असेल तर

रास्पबेरी पायचं उदाहरण घेतो, कारण तेच सर्वाधिक हातांत असतं. बोर्ड बंद करूनच केबल लावा. कनेक्टरची कडी हलकेच उचला, केबलचे चमकदार पट्टे कनेक्टरमधल्या पिनांकडे येतील अशी केबल सरळ आत सरकवा, कडी दाबा. पाय ४ वर १५ पिनांचा कनेक्टर, पाय ५ आणि झीरोवर २२ पिनांचा अरुंद. त्यामुळे केबल वेगळी लागते.

आरपीआयकॅम-हॅलो या कमांडला लिस्ट-कॅमेराज पर्याय दिला की सेन्सरचं नाव यायला हवं: दुसऱ्या आवृत्तीच्या मॉड्यूलला आयएमएक्स२१९, तिसऱ्याला आयएमएक्स७०८. नाव नाही आलं तर केबल काढून पुन्हा बसवा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. पुढे आरपीआयकॅम-स्टिलने फोटो आणि आरपीआयकॅम-व्हिडने व्हिडिओ. जुन्या लेखांत रास्पीस्टिल किंवा लिबकॅमेरा-स्टिल ही नावं भेटतील. पहिली पद्धत रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीत मागे पडली, दुसरीचं नाव २०२३ च्या बुकवर्ममध्ये बदललं.

या बोर्डावर सीएसआय कॅमेऱ्यासाठी ओपनसीव्हीला थेट व्हिडिओ० उघडायला लावू नका. त्या नोडवर बायर मांडणीतली कच्ची माहिती असते आणि आयएसपीचा टप्पा मध्येच राहून जातो. पायथॉनमध्ये पिकॅमेरा२ ही लायब्ररी वापरा. त्यात एक खाचखळगा आहे: आरजीबी८८८ हा फॉरमॅट मागितला की ॲरेमध्ये क्रम निळा, हिरवा, लाल असा येतो. ओपनसीव्हीला हाच क्रम हवा असतो, त्यामुळे रंग उलटवण्याची ओळ घातली की चेहरे निळे होतात.

आता प्रोग्राम

ओपनसीव्हीत यूएसबी कॅमेरा उघडताना व्ही४एल२ बॅकएंड (चित्र कोणत्या मार्गाने घ्यायचं ते) स्पष्ट सांगा. न सांगितल्यास तो जीस्ट्रीमर निवडू शकतो आणि आपण दिलेला फॉरमॅट बाजूला पडतो. आधी फॉरमॅटचा कोड, मग रुंदी-उंची, मग फ्रेमचा वेग, आणि शेवटी प्रत्येक किंमत परत वाचून छापा.

चित्र शिळं येण्याची तक्रारही इथेच उगवते. ड्रायव्हरकडे फ्रेम तात्पुरत्या ठेवायला काही मोजके बफर असतात, समजा चार. तुमचा प्रोग्राम एका फ्रेमवर २०० मिलिसेकंद घालवतो आणि कॅमेरा ३३ मिलिसेकंदांना एक भरतो. चारही बफर भरलेले राहतात, आणि रांगेतली जी फ्रेम तुमच्या हाती येते ती अर्ध्या सेकंदाहून जुनी असते. रोबोच्या चाकाला हा उशीर फार महाग पडतो. एक वेगळा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) ठेवा, जो सतत फ्रेम काढत राहील आणि फक्त ताजी जपेल. प्रक्रिया करणारा भाग गरज पडेल तेव्हा तीच उचलेल.

सी भाषेत थेट व्ही४एल२ वापरत असाल तर क्रम ठरलेला आहे: क्षमता विचारा, फॉरमॅट ठरवा, बफर मागा, ते मेमरीत जोडा, रांगेत लावा, प्रवाह सुरू करा, भरलेला बफर काढा, वापरा आणि परत रांगेत लावा. परत लावायला विसरलात तर काही फ्रेमनंतर सगळं गप्प होतं. प्रत्येक बफरवर अनुक्रमांक असतो. लागोपाठच्या दोन क्रमांकांत अंतर पडलं, म्हणजे मधली फ्रेम गळाली. वेळ मोजायची तर बफरवरचीच वेळ घ्या, आपला प्रोग्राम जागा झाला ती नव्हे.

कामावर सोडण्याआधी बोर्ड पेटीत बंद करून, प्रत्यक्ष वापरायच्या अडॅप्टरवर, पूर्ण २४ तास चालवा. मधूनच कॅमेऱ्याची केबल उपटून पुन्हा लावा आणि प्रोग्राम आपणहून सावरतो का बघा. दुसऱ्या दिवशी गळालेल्या फ्रेमची संख्या, बोर्डाचं तापमान आणि कार्डावरची उरलेली जागा लिहून काढा, आणि शेवटच्या तुकड्याची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या फ्रेमपर्यंत पाहा.